म्हणणारा पियानो : हंगेरियन वादन आणि काव्यपठन

१

बाबित्श मिहाय (१८८३-१९४१) हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हंगेरियन कवितेतील एक अग्रगण्य कवी, दांतेचा भाषांतरकार आणि 'न्युगत' या नियतकालिकाचा संपादक. (हंगेरियन नावांत आडनाव आधी येते, येथे तोच क्रम पाळला आहे.) त्याची पत्नी तोरोक सोफी या नावाने स्वतः लेखन करीत असे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्याजवळ एक घरगुती ध्वनिमुद्रणयंत्र होते, आणि रेडिओवर बार्तोक बेला (१८८१-१९४५) पियानो वाजवू लागला की ती ते वादन छोट्या तबकड्यांवर उतरवून घेई. तबकडीची क्षमता थोडी. त्यामुळे जे उरले आहे ते तुकड्यांच्या रूपात : वाक्य अर्धे झाल्यावर सुरू होणारे, रंग भरू लागताच तुटणारे, खरखरीने झाकोळलेले. बार्तोकच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९८१ मध्ये, हे तुकडे आणि मकाई नावाच्या दुसऱ्या एका संग्राहकाने टिपलेली मुद्रणे हंगारोटॉन या संस्थेने एकत्र प्रसिद्ध केली. संपादकांत संगीतशास्त्रज्ञ शोम्फाई लास्लो आणि पियानोवादक कोचिश झोल्तान हे होते.

या घटनेला एक दुसरी बाजू आहे. १९३८ मध्ये घशाच्या कर्करोगामुळे बाबित्शवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्याची वाचा गेली. त्यानंतर तो वह्यांमध्ये लिहून लोकांशी बोलत असे. या 'संभाषणवह्या' पुढे प्रकाशित झाल्या. बोलण्याची सक्ती टाळू पाहणाऱ्या आणि अखेर बोलावेच लागणाऱ्या प्रेषितावरील त्याचे 'योनाचे पुस्तक' हे दीर्घकाव्य याच काळातले. ज्या घरात कवीचा आवाज नाहीसा झाला त्याच घरात एका पियानोवादकाचा 'आवाज' सांभाळून ठेवला गेला, हा योगायोग असेल. तथापि त्यातून उपस्थित होणारा प्रश्न योगायोगाचा नाही. तोरोक सोफीने नेमके काय टिपले? रचना तर छापील स्वरलेखनात होत्याच. बाख, बेथोव्हेन, शोपँ यांच्या संहिता कोणत्याही दुकानात मिळत होत्या. छापील संहितेत जे येत नाही आणि वादनाबरोबर जे विरून जाते, तेच तिला हवे होते, असे म्हणावे लागते. कवितेच्या संदर्भातही हेच विधान करता येईल काय, आणि हंगेरियन संस्कृतीत या दोन 'न उतरणाऱ्या' गोष्टी एकाच मुळाच्या आहेत काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

हंगेरियन पियानोवादनाविषयी जे सर्वसाधारणपणे लिहिले जाते त्यात अग्नी, आवेग, जिप्सी रक्त, बोटांची अचाट गती असल्या शब्दांचीच रेलचेल असते. हे वर्णन सर्वस्वी खोटे नाही; पण ते वरवरचे आहे, आणि त्यामुळे एक अधिक मोलाचे वैशिष्ट्य झाकले गेले आहे. ते वैशिष्ट्य बोलण्याशी संबंधित आहे.

२

प्रथम भाषेकडे वळावयास हवे. हंगेरियन ही युरोपातील बहुतेक भाषांच्या कुळाबाहेरची भाषा. तिच्यात शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो. त्याचबरोबर तिच्यात स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व अर्थभेदक आहे, आणि या दोन गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र आहेत. आघात पहिल्या अक्षरावर असला तरी ते अक्षर ऱ्हस्व असू शकते, आणि त्यापुढचे आघातरहित अक्षर दीर्घ असू शकते. संगीतकार कोदाय झोल्तान याचे आडनावच याचे चांगले उदाहरण आहे. 'को' ऱ्हस्व पण आघातयुक्त. 'दाय' दीर्घ पण आघाताविना. परकीय माणूस हे नाव उच्चारताना दीर्घ अक्षरावर जोर देतो आणि तेथेच पकडला जातो. जोर एकीकडे आणि लांबी दुसरीकडे, या विलगतेतून हंगेरियन बोलण्याला जो एक विशिष्ट झोल येतो तो जर्मन किंवा इंग्रजीत सहसा आढळत नाही, कारण तेथे आघात आणि लांबी बहुधा हातात हात घालून चालतात.

याचा छंदशास्त्रीय परिणाम महत्त्वाचा आहे. हंगेरियन कवितेत दोन पद्यपद्धती शेजारी शेजारी नांदतात : लोकगीतांतून आलेली आघातप्रधान पद्धती आणि ग्रीक-लॅटिन वृत्तांवरून बेतलेली कालमापनात्मक पद्धती. लघुगुरूंच्या हिशेबाने रचलेली वृत्ते जर्मनमध्ये केवळ अनुकरण म्हणून शक्य होतात. हंगेरियनमध्ये ती भाषेच्या प्रकृतीतूनच शक्य होतात. मराठी वाचकाला हे सहज कळण्यासारखे आहे, कारण अक्षरगणवृत्त आणि ओवी-अभंग यांचे सहजीवन त्याच्या परिचयाचे आहे. वेओरेश शान्दोर (१९१३-१९८९) या कवीने जयदेवाच्या 'गीतगोविंदा'चे हंगेरियन रूपांतर केले, तेव्हा मात्रांचा प्रश्न त्याच्या भाषेला अनोळखी नव्हता. वेओरेशच्या छोट्या लयप्रधान कवितांची एक मालिका 'हंगेरियन एत्यूद' या नावाने ओळखली जाते. एत्यूद म्हणजे पियानोच्या विद्यार्थ्याने बोटांच्या सरावासाठी वाजवावयाची रचना. कवितेला पियानोच्या सरावपाठाचे नाव देण्यात केवळ गंमत नाही. जिभेलाही बोटांसारखाच सराव लागतो, हे त्यात गृहीत आहे.

एका शब्दाकडे येथे मुद्दाम लक्ष वेधले पाहिजे. हंगेरियनमध्ये काव्यपठनाला 'वेर्शमोन्दाश' म्हणतात. शब्दशः अर्थ 'कविता बोलणे'. गाण्यासाठी वेगळे क्रियापद आहे. मराठीतही आपण 'कविता म्हणतो'. पण 'गाणे'सुद्धा आपण 'म्हणतो'च. मराठीतील 'म्हणणे' बोलणे आणि गाणे यांच्यामधल्या उंबरठ्यावर उभे आहे, आणि म्हणूनच शार्दूलविक्रीडित चालीवर म्हणण्याची प्रथा शाळाशाळांतून इतकी वर्षे टिकली. हंगेरियन पठनात चाल निषिद्ध आहे. तेथे लांबी, विराम, आघात आणि काकु यांच्यावरच सर्व भिस्त. भरताने वाचिक अभिनयात काकूला जे स्थान दिले आहे त्याचे स्मरण येथे होणे अपरिहार्य आहे.

३

१९०५-०६ पासून बार्तोक आणि कोदाय यांनी खेड्यापाड्यांतून फोनोग्राफ घेऊन लोकगीते गोळा करण्यास आरंभ केला, ही कथा सुपरिचित आहे. त्या संकलनातून बार्तोकने जे वर्गीकरण सिद्ध केले आणि १९२४ च्या आपल्या हंगेरियन लोकगीतावरील ग्रंथात मांडले, त्यातील दोन संज्ञा येथे प्रस्तुत आहेत. पहिली 'पार्लांदो-रुबातो' : बोलल्यासारखी, तालाच्या जाचातून सुटलेली गायनपद्धती, जिच्यात अक्षराची लांबी गाणाऱ्याच्या उच्चारावर ठरते. दुसरी 'जुळवून घेणारी लय' : ताल पक्का असतो, पण प्रत्येक कडव्यात शब्दांची ऱ्हस्वदीर्घता बदलेल तसतशी त्या तालाच्या आतील लांब-आखूड मूल्ये बदलत जातात. चाल एकच, परंतु दुसऱ्या कडव्यात ऱ्हस्व अक्षर आले की स्वरही आखूड होतो. संगीत येथे शब्दाची चाकरी करते, आणि ती इतकी निमूटपणे करते की ऐकणाऱ्याला जाणवूही नये.

या निरीक्षणाचे पियानोवर काय झाले? १९०८ च्या 'दहा सोपे पियानोतुकडे' या संग्रहात 'सेकेय लोकांकडील संध्याकाळ' ही एक लहानशी रचना आहे. १९४४ मध्ये अमेरिकेत दिलेल्या एका मुलाखतीत बार्तोकने स्पष्ट केले की यातील चाली लोकगीतांतून उचललेल्या नसून त्या धर्तीवर स्वतः रचलेल्या आहेत; पहिली पार्लांदो-रुबातो ढंगाची, दुसरी नृत्यलयीची. दोन्ही आळीपाळीने येतात. रचना इतकी सोपी की चारदोन वर्षे शिकलेले मूल ती वाजवू शकते. आणि बहुतेक मुले ती चुकीची वाजवतात. कारण छापील स्वरलेखनात सारख्या दिसणाऱ्या मूल्यांना सारखे वाजवले की संध्याकाळ संपते आणि सरावपाठ उरतो. बार्तोकने ही रचना एकाहून अधिक वेळा मुद्रित केली. त्या मुद्रणांतील पहिल्या चालीत छापील समान स्वर समान राहत नाहीत. आरंभाचा स्वर ठामपणे पडतो आणि लगेच सोडला जातो, मागचा स्वर रेंगाळतो. जोर एकीकडे, लांबी दुसरीकडे. शब्द नाहीत, पण शब्दाची ठेवण आहे. कोदायच्या नावाबद्दल वर जे सांगितले तेच येथे दोन पांढऱ्या पट्ट्यांवर घडते.

याच अनुषंगाने एक तथ्य विचारात घेण्याजोगे आहे. १९१६ मध्ये अदी एन्द्रेच्या पाच कवितांवर बार्तोकने आवाज व पियानो यांसाठी गीते रचली. त्यानंतर लोकगीतांच्या पियानोसाथीच्या रचना त्याने पुष्कळ केल्या. पण समकालीन कवीच्या कवितेला गीताचे रूप देणे जवळजवळ थांबले. कवितेपासून तो दूर गेला, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. अधिक संभवनीय अर्थ हा की 'बोलण्या'ची कामगिरी त्याने पियानोकडेच सोपवली. खाजगी संग्रहातील मुद्रणांत त्याचा स्वतःचा बोलका आवाजही सापडतो : 'कांताता प्रोफाना' (१९३०) या रचनेची संहिता तो हंगेरियनमध्ये वाचून दाखवतो. ही संहिता रुमानियन लोकगीतांवरून त्यानेच तयार केली होती. नऊ मुलगे शिकारीला जातात, रानात काळवीट होतात, बाप त्यांना घरी बोलावतो आणि त्यांची शिंगे आता दारातून आत जाऊ शकत नाहीत. बार्तोकच्या वाचनात नाट्य नाही. कोरडा, काहीसा बारीक, शिक्षकी आवाज. पण अक्षरांच्या लांबीबाबत तो कमालीचा काटेकोर आहे, आणि हे वाचन ऐकल्यावर 'संध्याकाळ'चे वादन पुन्हा ऐकले तर दोन्ही एकाच माणसाची आहेत याविषयी शंका राहत नाही.

४

या परंपरेचा मूळपुरुष म्हणून लिस्ट फेरेन्त्स (१८११-१८८६) याचे नाव घेतले जाते आणि येथेच अडचण उभी राहते. लिस्ट जर्मनभाषक घरात वाढला, फ्रेंचमध्ये लिहू लागला. हंगेरियन त्याला कधीच नीट आली नाही. १८३९-४० च्या हिवाळ्यात तो पेश्त येथे आला तेव्हा त्याला सन्मानाची तलवार अर्पण करण्यात आली, आणि १८४० च्या अखेरीस वोरोश्मार्ती मिहाय या त्या काळच्या श्रेष्ठ कवीने त्याला उद्देशून एक दीर्घ ओड लिहिली. तीत कवी वादकाकडे राष्ट्राचा आवाज मागतो. ज्या भाषेत ही मागणी केली गेली ती भाषा वादकाला धड येत नव्हती, ही गोष्ट हंगेरियन समीक्षकांनी पुष्कळदा सौम्यपणे टाळली आहे. ती टाळण्याचे कारण नाही. उलट त्या मागणीचे मोल तीमुळेच कळते. कवितेला सीमेपलीकडे जाता येत नव्हते; पियानोला येत होते. कवीने आपल्या भाषेचा वकील म्हणून अशा माणसाची निवड केली की ज्याचे सारे म्हणणे शब्दांवाचून होते.

लिस्टने या ऋणाची फेड करण्याचा प्रयत्न अनेक प्रकारे केला. त्याच्या हंगेरियन ऱ्हाप्सडींमधील चाली शहरी जिप्सी वादकांकडून घेतलेल्या, आणि त्यांनाच त्याने अस्सल हंगेरियन संगीत मानले, हा आक्षेप पुढे बार्तोकनेच साधार मांडला. आणि तरीही १९३६ मध्ये विज्ञान अकादमीत प्रवेशाचे व्याख्यान देताना विषय म्हणून त्याने लिस्टच निवडला. ऱ्हाप्सडींपेक्षा येथे अधिक प्रस्तुत आहे ती १८७४ ची एक फारशी वाजवली न जाणारी रचना : 'मृत कवीचे प्रेम'. योकाई मोर याची कविता एक पठनकार म्हणतो आणि पियानो त्याला साथ करतो. एकोणिसाव्या शतकात या प्रकाराला मेलोड्रामा म्हणत. आज त्या शब्दाला जो बाजारी अर्थ चिकटला आहे त्याच्याशी याचा संबंध नाही. कविता १८४९ मध्ये रणांगणावर नाहीसा झालेल्या पेतोफीच्या स्मृतीशी निगडित आहे. रचनेतील अवघड जागा अशी की शब्द बोलायचे आहेत, गायचे नाहीत. त्यामुळे त्यांची लांबी स्वरलेखनात बांधता येत नाही. पियानोवादकाने थांबायचे, ऐकायचे आणि पठनकाराच्या श्वासाबरोबर पुढचा स्वरगुच्छ ठेवायचा. ज्याला हंगेरियन भाषा येत नव्हती त्याने हंगेरियन बोलण्यासाठी जागा मोकळी सोडली.

१८७७ मध्ये लिस्टने हीच सामग्री घेऊन 'पेतोफीच्या स्मृतीस' ही केवळ पियानोसाठी रचना केली. आणि १८८५ च्या 'हंगेरियन ऐतिहासिक व्यक्तिचित्रे' या मालिकेत ती आणखी एकदा आली. वोरोश्मार्तीचेही व्यक्तिचित्र या मालिकेत आहे. पठनकार निघून गेला आणि पियानो एकटा उरला, पण शब्दांसाठी सोडलेल्या जागा तशाच राहिल्या. ही मालिका लिस्टच्या हयातीत छापली गेली नाही. १९५६ पर्यंत तिला थांबावे लागले. तीतील उजाडपणाला बेतशीर चमक देऊ पाहणारे वादक तिचे नुकसानच करतात.

५

वादकाच्या बाजूने इतके सांगितल्यावर पठनकाराकडे वळणे न्याय्य ठरेल. मराठीत काव्यवाचन म्हटले की विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांचे संयुक्त कार्यक्रम आठवतात. म्हणजे कवी स्वतः आपली कविता श्रोत्यांपुढे ठेवतो. हंगेरीत कवीपेक्षा पठनकार ही स्वतंत्र संस्था आहे. आशेर ओस्कार (१८९७-१९६५) याने एकट्याने संपूर्ण संध्याकाळ कविता म्हणण्याची प्रथा रुजवण्यास मोठा हातभार लावला. वाद्यवादकाची एकल मैफल आणि पठनकाराची एकल संध्याकाळ यांचा साचा एकच : दिवे, एक माणूस, पाठ केलेली संहिता, आणि चूक झाली तर लपायला जागा नाही. १९६४ पासून योझेफ अत्तिलाचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा काव्यदिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी शाळांतून कविता 'बोलल्या' जातात.

लातिनोवित्स झोल्तान (१९३१-१९७६) हा या परंपरेचा कळस मानला जातो. शिक्षणाने वास्तुशास्त्रज्ञ, पेशाने नट. अदी आणि योझेफ अत्तिला यांच्या कवितांची त्याची मुद्रणे आजही ऐकली जातात. त्याच्या पठनात कवितेची ओळ ही छापील ओळ राहत नाही. श्वास हाच चरण होतो. एक शब्द तो ठेवतो, त्यानंतरची शांतता लांबवतो, आणि पुढचा शब्द इतक्या हळू आवाजात येतो की श्रोत्याला पुढे झुकावे लागते. हे सारे अतिशय परिणामकारक आहे, आणि म्हणूनच धोक्याचे आहे. योझेफ अत्तिलाच्या कवितेची घडण कमालीची नेमकी, यमकबद्ध, अनेकदा गणिती आहे. लातिनोवित्सच्या तोंडी ती कधी कधी वेदनेच्या कबुलीजबाबात विरघळते आणि रूपबंध हरवतो. योझेफ अत्तिलाचा मृत्यू १९३७ मध्ये बालाटोनच्या काठी रेल्वेखाली झाला. लातिनोवित्सचा १९७६ मध्ये त्याच सरोवराच्या काठी, जवळच्याच गावी, तशाच प्रकारे. या साम्याची एवढी आख्यायिका झाली आहे की त्याचे पठन ऐकताना श्रोता मृत्यूच ऐकतो, कविता ऐकत नाही. समीक्षेने हे दोन वेगळे करणे आवश्यक आहे.

योझेफ अत्तिलाची कविता खरोखर कशी बोलावी याचा एक पुरावा पियानोच्या साहित्यातच आहे. 'संध्याकाळ' ज्या १९०८ च्या संग्रहात आहे त्याच्याच शेवटी 'अस्वलाचा नाच' ही रचना येते : एक स्वर हट्टाने ठोकला जात राहतो आणि त्याभोवती जड स्वरगुच्छ पाऊल टाकतात. योझेफ अत्तिलाच्या एका कवितेचे, आणि १९३४ च्या संग्रहाचेही, नाव हेच आहे. नाण्यांसाठी नाचवल्या जाणाऱ्या अस्वलाची ती कविता. प्रत्येक कडव्याच्या शेवटी निरर्थक गुरगुर. १९३६ च्या सुमारास बार्तोकवर निबंध लिहिण्यासाठी त्याने टिपणे काढली होती. निबंध पुरा झाला नाही. ही कविता लातिनोवित्सच्या पद्धतीने म्हणता येत नाही. विराम घेतला की अस्वल थांबते, आणि अस्वल थांबले की साखळी ओढली जाते. येथे तालाची सक्ती हाच आशय आहे. पार्लांदोची मोकळीक सर्वत्र चालत नाही, हे बार्तोकला ठाऊक होते. त्याच्या वर्गीकरणात दोन वर्ग होते, एक नव्हे.

इयेश ज्युलाने १९५५ मध्ये 'बार्तोक' ही कविता लिहिली. कर्कशपणाचा आरोप झालेल्या संगीताची बाजू घेऊन ती म्हणते की दुखावलेल्यांना गोड सुरांनी समजावणे हा अपमान आहे. ज्या साप्ताहिकात ती छापली गेली तो अंक परत घेण्यात आला. त्याच वर्षी युहास फेरेन्त्सने 'कांताता प्रोफाना'तील काळविटाची कथा उचलून आईच्या हाकेची दीर्घ कविता लिहिली. पियानो आणि कविता यांचे नाते येथे फार उघड झाले आहे. सरकारी सेन्सॉरलाही ते कळले.

६

आता एका लाडक्या समजाचा परामर्श घेणे भाग आहे. बार्तोक किंवा लिस्ट हंगेरियनांनीच वाजवावा, कारण 'भाषा रक्तात असते', असे म्हटले जाते. हे मत जितके भावते तितके ते टिकत नाही. भाषा रक्तात असती तर १९३० च्या दशकाच्या अखेरीस कोदायला सुशिक्षित हंगेरियनांच्या बिघडलेल्या उच्चाराविरुद्ध मोहीम उघडावी लागली नसती. बुडापेस्टच्या मध्यमवर्गाच्या बोलण्यात परकीय हेल शिरला आहे, आघात सरकतो आहे, दीर्घ स्वर आखडत आहेत, अशी त्याची तक्रार होती. मातृभाषेचा उच्चारही शिकावा लागतो, आणि शिकवला नाही तर जातो.

वादनाबाबतही तेच. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या संगीत अकादमीची गुरुपरंपरा येथे निर्णायक आहे. लिस्टचा शिष्य तोमान इश्त्वान. तोमानचे शिष्य बार्तोक आणि दोह्नान्यी. बार्तोक स्वतः १९०७ ते १९३४ पर्यंत तेथे पियानो शिकवीत होता. पुढे कादोशा पाल याच्या वर्गातून कोचिश झोल्तान, रान्की देझ्यो आणि शिफ अन्द्राश हे तिघे जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडले. कोचिशने (१९५२-२०१६) तोरोक सोफीच्या खरखरीत तुकड्यांवर काम केले आणि त्यानंतर बार्तोकचे समग्र एकल पियानोसाहित्य मुद्रित केले. त्याने बार्तोकची नक्कल केली नाही. छापील मूल्यांच्या आत किती हालचाल चालते हे तो त्या तुकड्यांतून शिकला. भाषा येथे रक्तातून नव्हे, तबकडीतून पोहोचली. म्हणजे एका कवयित्रीच्या हातून.

फिशर अ‍ॅनी (१९१४-१९९५) हिचे उदाहरण या समजाला आणखी एक धक्का देते. तिचे मुख्य क्षेत्र बेथोव्हेन, मोझार्ट, शूमान. १९७७-७८ मध्ये तिने बेथोव्हेनच्या बत्तीसही सोनाटांच्या मुद्रणाचे काम हाती घेतले, पण श्रोत्यांवाचून केलेले वादन तिला पटेना, आणि ती मुद्रणे तिच्या हयातीत तिने बाहेर येऊ दिली नाहीत. तिच्या बेथोव्हेनमध्ये हंगेरियन असे काय आहे, असे विचारल्यास राष्ट्रीय वैशिष्ट्य शोधणारा निरुत्तर होतो. मात्र स्वरवाक्याचा आरंभ ठाम करून पुढे ते सैल सोडणे, विरामात वाक्य चालू ठेवणे, हे तेथे आहेच. जर्मन संहिता, हंगेरियन 'म्हणणे'.

त्सिफ्रा ज्यॉर्ज (१९२१-१९९४) याचे चरित्र वेगळ्या कारणाने आठवते. देश सोडून जाण्याचा प्रयत्न केला म्हणून १९५० ते १९५३ तो तुरुंगात होता, तेथे त्याला दगड वाहावे लागले. १९५६ च्या २२ ऑक्टोबरला, उठावाच्या आदल्या संध्याकाळी, त्याने बुडापेस्टमध्ये बार्तोकचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो वाजवला आणि काही आठवड्यांत तो सीमेपलीकडे गेला. पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले ते बोटांसाठी. शिफनेही देश सोडला, आणि पुढे, २०१० च्या दशकाच्या आरंभी, तेथील राजकीय वातावरणाचा निषेध म्हणून मायदेशी वाजवणार नाही असे जाहीर केले. वादक जाऊ शकतो. त्याच काळातील पठनकाराला जाता येत नव्हते; जाऊन तो काय बोलणार होता? वोरोश्मार्तीने लिस्टकडे जी मागणी केली तिच्यातील असमतोल असा शंभर-दीडशे वर्षे टिकून राहिला. जगाने हंगेरियन हेल ऐकला, हंगेरियन ऐकली नाही.

७

कुर्ताग ज्यॉर्ज (जन्म १९२६) याच्या रचनांत हा असमतोलच विषय होतो. त्याने पिलिन्स्की यानोशच्या मितभाषी कवितांवर गीते रचली. सोळाव्या शतकातील धर्मोपदेशक बोर्नेमिस्सा पेतेरच्या वचनांवर सोप्रानो आणि पियानो यांसाठी १९६० च्या दशकात जी रचना केली तिला त्याने 'कॉन्चेर्तो' म्हटले, जणू उपदेशकाचा आवाज आणि वाद्य तुल्यबळ आहेत. पत्नी मार्ता (१९२७-२०१९) हिच्यासह तो मैफलीत भिंतीशी ठेवायच्या साध्या उभ्या पियानोवर, आवाज दाबणारा पडदा लावून, स्वतःचे 'खेळ' आणि बाखची रूपांतरे वाजवीत असे. हजार माणसांच्या सभागृहात इतके हळू वाजवायचे की श्रोत्याने श्वास आवरावा. लातिनोवित्सच्या कुजबुजीशी याचे नाते उघड आहे. फरक एवढाच की कुर्तागच्या कुजबुजीत आत्मप्रदर्शनाला जागा नाही.

१९९० मध्ये त्याने पठन आणि उभा पियानो यांसाठी एक रचना केली. संहिता सॅम्युएल बेकेटच्या अखेरच्या कवितेची, जीत शब्द सापडत नाही हाच विषय आहे. हंगेरियन अनुवाद शिक्लोश इश्त्वान याचा. रचनेच्या लांबलचक शीर्षकात अनुवादकाचे नाव आहे आणि पठन करणाऱ्या स्त्रीचेही : मोन्योक इल्दिको. ही नटी अपघातानंतर वाचा गमावून बसली होती आणि गाण्याच्या आधाराने ती पुन्हा बोलू लागली. रचनेत ती अक्षर धरते, सोडते, पुन्हा धरते. पियानो तिला साथ करीत नाही. एकेक स्वर तिच्यापुढे ठेवतो, पायाखाली फळी ठेवावी तसा, आणि ती त्यावर पाऊल टाकते की नाही हे पाहत थांबतो. किती थांबावे हे स्वरलेखनात लिहिलेले असले तरी ते प्रत्यक्षात ठरते तिच्या तोंडात शब्द केव्हा जमतो त्यावर. 'मृत कवीचे प्रेम'मध्ये लिस्टने बोलणाऱ्यासाठी जागा सोडली होती. येथे पियानो बोलणारीची वाट पाहतो. फ्रेंच-इंग्रजीतून आलेली कविता, हंगेरियन अक्षरे, आणि उभ्या पियानोवर एका बोटाने वाजवता येईल असा स्वर. सभागृहात त्या वेळी भाषा येणारे आणि न येणारे दोघेही एकाच शब्दाची वाट पाहत असतात.